लाकडाची वीज आणि शून्याचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाचे नाव ‘हवामान बदल आणि ऊर्जा’ असे भारदस्त छापले आहे. एवढा मोठा विषय माझ्या आवाक्यातला नाही, आणि जेवणाआधी तो संपायचाही नाही. मी त्यातला एकच तुकडा घेणार आहे, तो म्हणजे लाकूड जाळून वीज करणे. हाच तुकडा का, तर गेल्या उन्हाळ्यापासून तो आपल्या कार्यक्षेत्रातल्या काही ग्रामसभांच्या दारात येऊन बसला आहे. शहरातून एक व्यापारी येतो. धुऱ्यावरची झाडे विकत घेतो म्हणतो. गावची पडीक जमीन वीस वर्षांच्या करारावर द्या, तिथे सुबाभूळ लावू, लाकडाच्या गोळ्या करून वीज केंद्राला देऊ, असे सांगतो. त्याने वाटलेल्या कागदावर लिहिले आहे की ही वीज ‘कार्बनमुक्त’ आहे आणि इंग्लंडसारखा पुढारलेला देशही हेच करतो. आपल्या कार्यकर्त्यांनी मला विचारले, काका, हे खरे आहे का?

भावाचे काय, रोजगाराचे काय, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. मी फक्त त्या ‘कार्बनमुक्त’ शब्दाची तपासणी करणार आहे. त्यासाठी माझी लायकी काय, तर मी एकतीस वर्षे औष्णिक वीज केंद्रात बॉयलरवर काढली. जंगल मला तुमच्यामुळे थोडेफार कळू लागले आहे. आग मात्र मला कळते.

वीज केंद्र म्हणजे फार मोठी चूल आणि तिच्यावर फार मोठे आधण. कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फुंकतात, तो जळतो, पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाईन फिरवते, टर्बाईनला जोडलेले जनित्र वीज देते. यात एक गोष्ट लोकांना माहीत नसते. जेवढी उष्णता आपण भट्टीत निर्माण करतो, तिच्यातला निम्म्याहून जास्त भाग वाया जातो. चांगल्या केंद्रातही शंभरातले अडतीस-चाळीस भागच विजेत उतरतात. बाकीचे चिमणीतून आणि त्या जाडजूड शीतकरण मनोऱ्यांतून हवेत जातात. म्हणजे शंभर मोळ्या जाळायच्या, त्यातल्या साठ मोळ्या आभाळ तापवायला.

आता कोळशाच्या जागी लाकूड घाला. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. तो जळला की हवेतला प्राणवायू त्याला चिकटतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एक टन पूर्ण वाळलेले लाकूड जाळले की सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वजन वाढले कसे, असे मुले विचारतील. हवेतला प्राणवायू त्यात मिसळला, म्हणून वाढले.

कोळशाशी तुलना करायची तर संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २००६ साली सर्व देशांना हिशेबासाठी आकडे ठरवून दिले आहेत. सारखीच उष्णता मिळवायची, तर कोळशातून जिथे ९४.६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तिथे लाकडातून ११२ किलो निघतो. नैसर्गिक वायूतून ५६ किलो. चिमणीच्या तोंडाशी उभे राहून मोजले, तर लाकूड कोळशापेक्षा सुमारे अठरा टक्क्यांनी जास्त आहे. माझ्या नोकरीतल्या सवयीने मी हे युनिटमध्ये मांडून पाहिले. अडतीस टक्के कार्यक्षमतेच्या केंद्रात कोळशाच्या एका युनिट विजेमागे सुमारे ९०० ग्रॅम आणि लाकडाच्या एका युनिटमागे एक किलोहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड येतो.

कुणी असे समजू नका की मी कोळशाची वकिली करायला आलो आहे. कोळशाची धूळ मी एकतीस वर्षे गिळली आहे, आणि चंद्रपूर-वणीकडच्या खाणींनी कोणाच्या जमिनी गेल्या हे इथे बसलेल्यांना सांगायची गरज नाही. कोळसा जायलाच हवा. त्याच्या जागी काय आणायचे, एवढाच मुद्दा आहे.

मग इतका धूर असलेल्या विजेला ‘शून्य’ कोण म्हणते? यासाठी आपल्याला इंग्लंडला जावे लागेल. व्यापाऱ्याच्या कागदात त्याचे नाव आहे, म्हणून तिथलीच गोष्ट सांगतो.

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्कशायर परगण्यात सेल्बी नावाचे गाव आहे. त्याच्याजवळ ड्रॅक्स हे वीज केंद्र आहे. हे केंद्र १९७० च्या दशकात कोळशासाठी बांधले, आणि पुढे ते देशातले सर्वांत मोठे वीज केंद्र झाले. सहा संच होते. २०१३ पासून पाच-सहा वर्षांत त्यातले चार संच लाकडाच्या गोळ्यांवर आणले. या गोळ्यांना पेलेट म्हणतात. दिसायला जनावरांच्या खाद्याच्या गोळीसारख्या, करंगळीपेक्षा बारीक. झाडाचा भुसा करायचा, वाळवायचा, दाबून गोळी पाडायची. त्या गोळ्या पाण्याने फुगतात, आणि ढीग मोठा झाला की आतून आपोआप तापतात. म्हणून तिथे त्या साठवायला चार प्रचंड पांढरे घुमट बांधले आहेत. बॉयलरवाला माणूस म्हणून सांगतो, अभियांत्रिकी म्हणून काम उत्तम आहे. त्याला नावे ठेवायला जागा नाही.

पण गोळ्या येतात कुठून? इंग्लंडमध्ये एवढे जंगलच नाही. त्या अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुईझियाना, मिसिसिपी या राज्यांतून आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातून येतात. झाड तोडायचे, ट्रकने कारखान्यात, तिथून बंदरावर, जहाजाने अटलांटिक ओलांडून इंग्लंडच्या बंदरात, तिथून आगगाडीने भट्टीपर्यंत. वर्षाला साठ-सत्तर लाख टन गोळ्या लागतात. आपण पासष्ट लाख धरू. ओल्या लाकडात निम्मे पाणी असते, म्हणून एक टन गोळीसाठी सुमारे दोन टन ओले लाकूड जाते. म्हणजे वर्षाला सव्वा कोटी टनांच्या आसपास लाकूड झाले.

हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, मलाही येत नव्हता. म्हणून मी तो मोळीत बसवला. पासष्ट लाख टन भागिले तीनशे पासष्ट, म्हणजे दिवसाला सुमारे अठरा हजार टन गोळ्या. डोक्यावरची एक मोळी पंचवीस किलोची धरा. एका दिवसात सात लाख मोळ्या! एका केंद्राच्या, एका दिवसाच्या. आणि एवढे करून ते केंद्र देशाची विजेची गरज भागवते ती शंभरात पाच-सहा भागांच्या आसपास.

एम्बर नावाची एक संस्था जगभरच्या विजेचा अभ्यास करते. तिच्या हिशेबाप्रमाणे २०२३ साली या केंद्राने १ कोटी १५ लाख टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला, आणि त्या देशात एका जागेवरून एवढा दुसरा कोणी सोडला नाही. पण सरकारी वहीत या केंद्रातल्या लाकडाच्या धुराची नोंद शून्य आहे. इतकेच नाही, तर ही वीज अपारंपरिक आणि स्वच्छ गणली जाते म्हणून तिला तिथल्या ग्राहकांच्या बिलांतून अब्जावधी पौंडांचे अर्थसाहाय्य मिळाले आहे.

इथे लबाडी आहे का? मला वाटते, लबाडीपेक्षा वहीची गडबड आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. बचत गटाच्या वह्या ठेवणाऱ्या ताई इथे आहेत, त्यांना ती पटकन कळेल.

देशांनी आपापल्या कार्बनचा हिशेब द्यायचा ठरला, तेव्हा दोन खाती उघडली. एक जंगल-जमिनीचे आणि एक ऊर्जेचे. झाड तोडले, त्यातला कार्बन जंगलातून गेला, तो जंगलाच्या खात्यात खर्ची टाकायचा. तेच झाड पुढे जळाले, तेव्हा ऊर्जेच्या खात्यात पुन्हा खर्ची टाकला तर एकच रक्कम दोनदा लागेल. म्हणून ऊर्जेच्या एकूण बेरजेत तो धरायचा नाही, असे ठरले. नियम म्हणून यात काही चूक नाही. पण पुढे लोकांनी ऊर्जेच्या खात्यातले ते कोरे पान बघितले आणि म्हणाले, पाहा, लाकडाला कार्बनच नाही! ‘दुसऱ्या खात्यात लिहिले आहे’ याचा अर्थ ‘खर्चच झाला नाही’ असा लावला गेला.

त्यात झाड तुटते एका देशात आणि जळते दुसऱ्या देशात. जाळणाऱ्याची वही स्वच्छ. तोडणाऱ्याच्या जंगलाच्या खात्यात इतर लाखो एकरांवरची वाढ जमेस असते, तिच्यात ही तूट बुडून जाते. गटातल्या एकीने रक्कम उचलली आणि खर्च दुसऱ्या गटाच्या वहीत टाकला, असा हा प्रकार. २००९ साली टिमोथी सर्चिंजर आणि इतर शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात ही चूक उघडपणे मांडली. २०१८ मध्ये सुमारे आठशे शास्त्रज्ञांनी युरोपच्या संसदेला पत्र लिहिले, २०२१ मध्ये पाचशेहून अधिक शास्त्रज्ञांनी अमेरिका, युरोप, जपान आणि दक्षिण कोरियाच्या नेत्यांना लिहिले. म्हणजे ही काही कोपऱ्यातल्या कोणा एकाची तक्रार नाही.

आता तुमच्यातला कोणीही शहाणा माणूस मला अडवेल. म्हणेल, साहेब, झाड पुन्हा उगवते की! कोळसा पुन्हा उगवत नाही. उगवलेले झाड तो कार्बन परत ओढून घेईल.

बरोबर आहे. सगळा मुद्दा इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

झाड जळते काही मिनिटांत. ते उगवते चाळीस, साठ, ऐंशी वर्षांत. मधल्या काळात तो कार्बन हवेत असतो आणि हवा तापवत असतो. आपल्याकडे पूर्वी आषाढात कणग्या रिकाम्या झाल्या की सावकाराकडून धान्य आणायचे आणि पीक आल्यावर सवाईने नाहीतर दिढीने फेडायचे. लाकडाच्या विजेचे कर्ज असेच आहे. उचल आज, फेड नातवाच्या हाताने. आणि ज्या झाडाला आपण तोडले, ते उभे राहिले असते तर वाढतच राहिले असते, कार्बन ओढतच राहिले असते. तेही नुकसान व्याजात धरावे लागते.

फेडायला किती वर्षे लागतात, याचा अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने करवून घेतलेला मॅनोमेट या केंद्राचा अहवाल २०१० साली आला. त्यात असे निघाले की कोळशाच्या जागी लाकूड जाळून वीज केली, तर कोळशाशी बरोबरी व्हायला वीस-एकवीस वर्षे लागतात, आणि नैसर्गिक वायूच्या जागी जाळले तर नव्वदहून अधिक. पुढे २०१८ मध्ये जॉन स्टर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पूर्व भागातली जंगले घेऊन गणित केले. त्यांचे उत्तर चव्वेचाळीस ते एकशे चार वर्षे. आकडे वेगळे आहेत, कारण कोणते जंगल, किती वयाचे, तोडल्यावर पुन्हा काय लावले, यावर ते अवलंबून असते. तोडलेल्या रानात पुन्हा जंगलच वाढू दिले तर ही वर्षे. तिथे वस्ती किंवा शेती झाली तर फेड कधीच नाही.

आणि आपल्याकडे किती वर्षे आहेत? २०१५ च्या पॅरिस करारात जगाने तापमानवाढ दीड अंशाच्या आत ठेवण्याचा प्रयत्न करायचे ठरवले. २०२४ हे वर्ष मोजमाप सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण ठरले, आणि जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबात त्या एका वर्षाची सरासरी दीड अंशाच्या वर गेली. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायच्या वेळी अवकाळी पाऊस येतो आणि फुले काळी पडतात, हे मला कोणत्याही अहवालाने सांगितले नाही, तुमच्यापैकीच काही मावशींनी सांगितले. ज्या रोगाला पुढच्या दहा-वीस वर्षांत औषध हवे आहे, त्याला चव्वेचाळीस वर्षांनी गुण देणारे औषध कोणता वैद्य देईल?

ड्रॅक्सवाल्यांचे म्हणणेही सांगितले पाहिजे, नाहीतर ते बरोबर होणार नाही. ते म्हणतात, आम्ही मुख्यतः लाकूड कापण्याच्या गिरण्यांचा भुसा, विरळणीतली बारीक झाडे आणि इमारतीला न चालणारे वाकडेतिकडे लाकूड घेतो, आणि ज्या प्रदेशांतून घेतो तिथला एकूण लाकूडसाठा कमी होत नाही. यातले काही खरे आहे. भुसा खरोखर कुजणारच होता. पण २०२२ मध्ये बीबीसीने ब्रिटिश कोलंबियातल्या जुन्या नैसर्गिक जंगलातले ओंडकेही वापरले जात असल्याचे दाखवले. २०२४ मध्ये तिथल्या वीज नियामकाने, ऑफजेमने, चौकशी केली. अर्थसाहाय्य चुकीने घेतल्याचा पुरावा मिळाला नाही, पण कॅनडातल्या लाकडाच्या प्रकाराची माहिती नीट दिली नाही असे ठरले आणि कंपनीने अडीच कोटी पौंड भरले. पुढच्या वर्षी सरकारने २०२७ नंतरचे अर्थसाहाय्य जवळजवळ निम्मे करायचे ठरवले. म्हणजे व्यापाऱ्याच्या कागदातला तो ‘पुढारलेला देश’ स्वतःच हात आखडता घेतो आहे. धूर पकडून समुद्रतळाखाली गाडायचीही योजना आहे, पण त्या केंद्रात ती अजून मोठ्या प्रमाणावर उभी राहिलेली नाही.

आणखी एक गोष्ट. मिसिसिपीमध्ये ग्लॉस्टर नावाचे छोटे गाव आहे. बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची आणि गरीब. गोळ्यांचा कारखाना तिथे आहे. मर्यादेपेक्षा जास्त प्रदूषण केल्याबद्दल त्या राज्याच्या पर्यावरण विभागाने कंपनीला पंचवीस लाख डॉलरचा दंड केला. वीज यॉर्कशायरला, शून्य लंडनच्या वहीत, आणि धूर-धूळ ग्लॉस्टरला.

हे ऐकून आपल्याला कातकरी बांधव आठवतात. रायगड-ठाण्याकडची त्यांची परिस्थिती आपल्या जुन्या कार्यकर्त्यांनी पाहिली आहे. काताचा व्यवसाय बुडाल्यावर त्यांच्या कित्येक पिढ्या लाकडी कोळशाच्या भट्ट्यांवर गेल्या. पावसाळ्यात उचल घ्यायची आणि ती फेडायला दिवाळीनंतर बायकामुलांसह रानात भट्ट्या लावायच्या. शहराला ऊब मिळाली. रान कोणाचे गेले, कर्ज कोणाच्या मानेवर राहिले? दूरच्या शेगडीसाठी जवळचे जंगल, हा व्यवहार आदिवासी समाजाने आधी एकदा केला आहे.

आता आपल्या देशात काय चालले आहे ते पाहू. केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये धोरण सुधारले. कोळशाच्या केंद्रांनी कोळशात पाच टक्के जैवइंधनाच्या गोळ्या मिसळायच्या, पुढे हे प्रमाण सात टक्के करायचे. त्यासाठी ‘समर्थ’ नावाचे अभियान आहे. मात्र लक्षात ठेवा, या धोरणात गोळ्या प्रामुख्याने शेतातल्या उरलेल्या काडीकचऱ्याच्या अपेक्षित आहेत. पंजाब-हरियाणात भाताचे तण शेतातच पेटवतात, दिल्लीचा श्वास कोंडतो. ते तण भट्टीत गेले तर चांगलेच. त्यातला कार्बन त्याच वर्षी पिकाने हवेतून घेतला होता आणि त्याच महिन्यात शेतात जळणार होता. इथे कर्ज जवळजवळ नाही. गोंदिया-भंडाऱ्याच्या राईस मिलमधला कोंडाही तसाच. मी याला विरोध करत नाही, करूही नका.

पण ‘काडीकचरा’ हा शब्द फसवा आहे. शहरातल्या माणसाला जो कचरा वाटतो तो आपल्या घरात कचरा नसतो. पऱ्हाटी चुलीत जाते. तुराट्यांचा कूड होतो, त्यावर शेणामातीचा गिलावा बसतो. तणस बैल खातो. गोळ्यांच्या कारखान्याने भाव दिला आणि हे सगळे ट्रकमध्ये गेले, तर घरची चूल कशावर पेटणार? जंगलातल्या लाकडावर. तेव्हा हिशेब गावाच्या आतही लावायचा.

आणि मला दुसरी भीती आहे ती तुटवड्याची. कारखाना एकदा उभा राहिला, बँकेचे कर्ज डोक्यावर आले की त्याला बारा महिने माल लागतो. काडीकचरा येतो दोन-तीन महिने. उरलेले नऊ महिने तो कुठे बघेल? व्यापारी आपल्याकडे भाताचे तण मागायला आलेला नाही. धुऱ्यावरची झाडे मागायला आला आहे.

सुबाभळीच्या कराराबद्दल. जिथे खरोखर काहीच उगवत नव्हते अशा उघड्या माळावर झाडे लावली, चार-पाच वर्षांनी तोडली, पुन्हा फुटू दिली, तर तो कार्बन नुकताच हवेतून घेतलेला असतो. तिथे मी कार्बनचे कारण देऊन नाही म्हणणार नाही. पण दोन गोष्टी विचारीन. एक, ती जमीन खरोखर पडीक आहे का? तलाठ्याच्या दप्तरात पडीक असते. तिथेच गवत कापतात, गुरे चारतात, चारोळी वेचतात आणि दोन-चार जुने मोह उभे असतात. मोहाला फुलायलाच आठ-दहा वर्षे तरी लागतात. तो तोडून सुबाभूळ लावणे ही लागवड नव्हे.

दुसरी गोष्ट निव्वळ गणिताची. वीजच करायची आहे ना? एका एकरात वर्षाला चांगले चार टन वाळलेले लाकूड निघाले असे धरू. छोट्या केंद्रात त्याची पाच-सहा हजार युनिट वीज होईल. त्याच एकरावर सौर पॅनेल लावले तर वर्षाला सुमारे तीन लाख युनिट. पन्नासपट! सूर्य तोच, जमीन तीच. पानाला उन्हातला शंभरावा भागही साठवता येत नाही, कारण पानाला वीज करायची नसते, त्याला जगायचे असते. सौर वीज रात्री मिळत नाही हे खरे. पण रात्रीच्या चार तासांसाठी बॅटरीचा विचार करायचा की वीस वर्षांसाठी जमीन गुंतवायची, हे बसून ठरवता येते. आणि सौर प्रकल्पालाही जमीन लागते, म्हणून त्यालाही डोळे मिटून हो म्हणू नका. शाळेचे, वसतिगृहाचे, ग्रामपंचायतीचे छप्पर आधी भरू द्या.

कायद्याबद्दल थोडेच बोलतो, वकील ताई नंतर बोलणार आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला भाडेपट्ट्यानेसुद्धा जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय देता येत नाही. आदिवासी शेतकऱ्याच्या जमिनीवरच्या झाडांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणारा १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. तो झालाच यासाठी की व्यापारी उभी सागाची झाडे मातीमोलाने नेत. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये तो मिळवला, सुमारे अठराशे हेक्टरवर. त्या हक्कात बांबू, तेंदू, मोह येतात, इमारती लाकूड येत नाही. तेव्हा सामूहिक जंगलातले उभे झाड कोणी ‘बायोमास’ म्हणून मागितले, तर नाव बदलल्याने झाड बदलत नाही, एवढे सांगा.

ग्रामसभेत त्याला काय विचारायचे, असे कार्यकर्ते मला म्हणाले. माल नेमका कोणता, काडी की खोड, हे लिहून माग. कारखाना इथून किती किलोमीटर आणि वर्षाला त्याला किती टन लागणार, तेही माग. काडीकचरा संपला की उरलेला माल कुठून आणणार, हे विचार. झाड तोडले तर पुन्हा कोण लावणार, कोण जगवणार, आणि ते किती वर्षे तोडायचे नाही, हे करारात आहे का ते वाचून बघ. ‘कार्बनमुक्त’ म्हणाला तर विचार, कोणाच्या वहीत?

बोलणे इथेच थांबवणार होतो, पण मघाशी चहाच्या वेळी नववीतल्या एका मुलीने मला बाजूला घेऊन विचारले, “काका, मग आमची चूलपण पाप करते का?” तिचे उत्तर सर्वांसमोर देतो.

नाही, बाळा. तुझी आई वाळलेल्या फांद्या आणते, उभे झाड पाडत नाही. त्या फांद्या कुजून तो कार्बन तसाही हवेत जाणार होता. एका घराला वर्षाला दोन टन लाकूड लागते असे धरले, तर मी सांगितलेल्या त्या एका केंद्राच्या गोळ्यांत बत्तीस लाख घरांच्या चुली वर्षभर पेटतील. चूल सुधारायला हवी ती दुसऱ्या कारणासाठी. तिचा धूर आईच्या आणि धाकट्या भावाच्या छातीत जातो, आणि मोळी आणण्यात आईची सकाळ जाते. धूर कमी करणाऱ्या सुधारित चुली आपल्या कार्यालयात अजून अकरा शिल्लक आहेत. ज्यांना हव्यात त्यांनी जेवणानंतर नाव नोंदवावे. तुमच्या वसतिगृहाच्या ताईंकडे वही दिली आहे.